गळकी गच्ची, गंजलेल्या सळ्या: जुन्या इमारतींविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की जुन्या इमारतींविषयीची पत्रं वाढतात. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरं आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, इमारतींपुरती आहेत, मग ती सहकारी गृहनिर्माण संस्था असो वा अपार्टमेंट. भिंतींवर भार घेणाऱ्या चाळी आणि वाडे यांचं गणित निराळं, ते इथे मिसळलेलं नाही.

आमची इमारत १९८९ ची, तळ अधिक चार मजले, २४ सदनिका. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आला. हॅमर टेस्टचे आकडे चांगले आहेत आणि शेवटी ‘इमारत दुरुस्तीयोग्य’ असा शेरा आहे. एवढ्यावर टेंडर काढावं का?
— सोसायटीचे सचिव, डोंबिवली

काढू नका. हॅमरच्या चांगल्या आकड्यांवर तर मुळीच विसंबू नका.

रिबाउंड हॅमर, म्हणजे स्प्रिंगचा दट्ट्या आपटून त्याची उसळी मोजणारं हत्यार, काँक्रीटचा फक्त वरचा थर चाचपतो, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये मुरतो आणि हाच वरचा थर टणक करतो. त्यामुळे तीस-पस्तीस वर्षांच्या कॉलमवर हॅमरचा आकडा फुगून येतो. शिवाय हॅमरवरून काढलेली ताकद २५ टक्के इकडे-तिकडे असू शकते, हे चाचणीच्या भारतीय मानकातच म्हटलं आहे. आत सळई गंजते आहे का, हे हॅमर सांगूच शकत नाही. आणि तुमच्या वयाच्या इमारतीत खरा प्रश्न तोच असतो.

चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२.५ च्या आसपास. या अल्कतेमुळे सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. कार्बोनेशनने पीएच ९ च्या खाली आला की तो पापुद्रा जातो, आणि ओल मिळाली की गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहापट. तो आतून रेटतो आणि सळईवरचं काँक्रीटचं आवरण, म्हणजे कव्हर, फोडतो. कॉलमच्या कोपऱ्यावर सळईला समांतर उभी चीर दिसली तर ती प्लास्टरची नसून गंजाची आहे असंच धरा.

म्हणून अहवालात आणखी काही चाचण्या हव्यात. अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटीत, म्हणजे काँक्रीटमधून ध्वनिलहर पाठवून तिचा वेग मोजण्यात, सेकंदाला ३.५ किलोमीटरच्या वर वेग असेल तर काँक्रीट सलग आहे. ३ च्या खाली असेल तर आत पोकळी किंवा तडे असण्याचा संशय घ्यावा. सळईचा विद्युत दाब मोजणाऱ्या हाफ-सेल चाचणीत उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली आकडा गेला तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त. उणे २०० ते ३५० मध्ये ठामपणे काही म्हणता येत नाही. कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल नमुने, किमान तीन घ्यावेत. तिन्हींची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्क्यांच्या खाली नको आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. कोअरची भोकं त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंट मिश्रणाने) भरून घ्या. ती तशीच राहिलेली पुष्कळ ठिकाणी दिसतात.

सर्वांत स्वस्त चाचणी मात्र हमखास वगळली जाते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फेनॉल्फ्थॅलीन फवारायचं. जिथे अल्कता शिल्लक आहे तिथे गडद गुलाबी रंग येतो, जिथे संपली आहे तिथे रंग येत नाही. बिनरंगाच्या पट्ट्याची जाडी पट्टीने मोजायची. कव्हर २५ मिमी आणि पट्टा १० मिमी असेल तर हाताशी वेळ आहे. पट्टा ३० मिमी असेल तर सळई उघडीच पडली म्हणायची, वरून रंग कितीही चांगला असो.

टेंडरसाठी अहवालाला कॉलम, बीम, स्लॅबनिहाय तक्ता जोडलेला हवा: कुठला घटक, कुठल्या मजल्यावर, किती चौरस मीटर, कोणती दुरुस्ती. प्रत्येक सदनिका आतून पाहिलेली असावी, कुलूपबंद घरंसुद्धा. कुठलं घर पाहता आलं नाही त्याची नोंद असावी. हातोडीने ठोकून जिथे बद्द आवाज येतो ती जागा खडूने आखून मोजलेली असावी. हे नसेल तर कॉन्ट्रॅक्टर अंदाजाने दर भरतात आणि काम चालू असताना बिल फुगत जातं. सल्लागाराकडे हा तक्ता मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, फी त्यासाठीच दिलेली असते.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं, तेव्हा तुम्ही तीन वर्षांच्या गटात आहात. मुंबईतल्या वाचकांनी महापालिका अधिनियमाचं कलम ३५३ ब पाहावं: ३० वर्षं झाली की स्थिरतेचा दाखला आणि पुढे दर १० वर्षांनी पुन्हा. अहवालात सी-१ ते सी-३ अशी वर्गवारी असेल तर सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे रहिवासी असताना संरचनात्मक दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती.

स्वयंपाकघराच्या स्लॅबचा गिलावा पडला, सळ्या दिसतात. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, गंज घासून सिमेंट मारून देतो. चालेल ना?
— एक सभासद, वसई

दोन पावसाळे चालेल, मग मोठा तुकडा घेऊन पडेल. साधा वाळू-सिमेंटचा गिलावा गंजक्या सळईला धरत नाही आणि ओल अडवत नाही. त्यातून तुमच्याकडे खारी हवा, म्हणजे क्लोराइडमुळे गंज आणखी वेगाने वाढतो.

काम असं व्हायला हवं. आधी टेकू. लोखंडी प्रॉप साधारण एक ते सव्वा मीटरवर, वर-खाली फळी देऊन. फक्त तुमच्याच मजल्यावर टेकू दिले तर भार खालच्या स्लॅबवर येतो, आणि तोही त्याच वयाचा असतो. म्हणून टेकू खालच्या मजल्यांवरही त्याच रेषेत, जमिनीपर्यंत न्यावे लागतात. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरवड्याच्या आत दोन इमारतींत वरचा स्लॅब खालच्या स्लॅबवर कोसळत गेला आणि माणसं दगावली. एक स्लॅब पडला की खालचा तो झेलेल, हे गृहीत धरू नये. टेकू घट्ट बसवा पण जॅकसारखे वर रेटू नका, नाहीतर स्लॅबला वरून तडा जातो.

मग पोकळ काँक्रीट छिन्नीने काढायचं, आणि सळईचा गंज जिथे संपतो त्याच्याही थोडं पुढे जायचं. सळईच्या मागे बोट जाईल इतकी, साधारण २० मिमी जागा मोकळी करायची. इथे बहुतेक कॉन्ट्रॅक्टर हात आखडता घेतात: खालची बाजू घासतात आणि मागची गंजलेलीच ठेवतात. तारेच्या ब्रशने चारही बाजूंनी लोखंड चमकेपर्यंत घासल्यावर व्हर्नियरने व्यास मोजा. ८ मिमीची सळई ७ मिमी उरली असेल तर कमी झालेला एक मिलिमीटर क्षुल्लक वाटतो, पण क्षेत्रफळ २३ टक्क्यांनी घटलेलं असतं. २० टक्क्यांच्या वर घट दिसली की जोडीला नवी सळई लागते, आणि तिचा लॅप, म्हणजे जुन्या सळईला लागून जाणारी लांबी, दोन्हीकडच्या शाबूत भागावर व्यासाच्या सुमारे ५० पट, म्हणजे ८ मिमीला ४०० मिमी. जागा नसेल तर सल्लागार वेगळी जोडणी सुचवेल. ते कॉन्ट्रॅक्टरने ठरवायचं नाही.

सळईला गंजरोधकाचे दोन हात, वाळल्यावर काँक्रीटला जुनं-नवं जोडणारा बाँडिंग कोट, आणि तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर, म्हणजे पॉलिमर मिसळलेला सिमेंट-वाळूचा मसाला. बाँडिंग कोट सकाळी लावून मॉर्टर जेवणानंतर भरला तर कोट सुकून काचेसारखा होतो आणि जोडण्याऐवजी दोन थर वेगळे पाडतो. सहा महिन्यांत पडलेल्या ‘पॉलिमर ट्रीटमेंट’च्या मागे बहुतेकदा हेच असतं. मॉर्टरचा थर एका वेळी १० ते १५ मिमी. ५० मिमीच्या वर खोली असेल तर फर्मा बांधून मायक्रो-काँक्रीट (बारीक खडीचं, सहज वाहणारं काँक्रीट) ओतावं. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच, मापाच्या भांड्याने. घरातल्या घरात क्युरिंग होत नाही म्हणून सोडून देतात. ओलं गोणपाट किंवा क्युरिंग कंपाउंड वापरून निदान सात दिवस ओल टिकवायलाच हवी.

एवढं करूनही, वरून येणारं पाणी बंद केलं नाही तर नव्या पॅचच्या कडेलाच गंज सुरू होतो. नव्या मॉर्टरमधली सळई सुरक्षित होते आणि शेजारच्या जुन्या काँक्रीटमधली तिच्या बदली गंजते. म्हणून वरच्या घरातली मोरी किंवा सिंक आधी तपासा, छताला हात त्यानंतर.

आणखी एक, बाल्कनीबद्दल. खोलीच्या स्लॅबची मुख्य सळई खालच्या बाजूला असते, तर बाहेर आलेल्या बाल्कनीची आणि छज्जाची वरच्या बाजूला. बाल्कनीचा खालचा गिलावा पडला की लोक खालूनच दुरुस्त करतात. भार घेणारी सळई मात्र वर फरशीखाली, कुंड्यांच्या पाण्यात भिजत असते. बाल्कनी तपासायची तर भिंतीलगतची फरशी उचलून वरून तपासा. तोवर कुंड्या, पाण्याची पिंपं आणि वॉशिंग मशीन तिथून हलवा.

गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर) आहे, तरी गळती. तोच कोबा ठेवून वर नवा कोबा करायचा प्रस्ताव आहे, म्हणजे फोडाफोडीचा खर्च वाचेल.
— कमिटी सदस्य, ठाणे

हा प्रस्ताव सभेत हाणून पाडा. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तो साडेअठरा टनांच्या आसपास जातो. वावर असलेल्या गच्चीसाठी माणसं, सामान वगैरेंचा भार डिझाइनमध्ये चौरस मीटरला १५० किलो धरतात. म्हणजे दुसरा कोबा हा त्या पूर्ण भाराहूनही जड, आणि तो कायमचा. इमारत बांधताना कुणी तो हिशेबात धरलेला नाही. शिवाय जुन्या कोब्यात मुरलेलं पाणी दोन थरांत कोंडून राहतं आणि स्लॅब बारमाही भिजतो. पाऊस नसतानाही ठिबकणाऱ्या गच्च्यांचं हे एक मोठं कारण आहे.

आधी स्वस्तातलं पाहा. पावसाचे पाईप तुंबलेत का? पाईपच्या तोंडाशी सिमेंटचा भाग सुटलाय का? पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि गच्ची यांच्या सांध्यातला सिमेंटचा गोलसर वाटा तडकलाय का? टाकीचा ओव्हरफ्लो गच्चीवरच सांडतो का? डिश अँटेना आणि सोलरच्या पायांसाठी कोब्यात पाडलेली भोकंही बघा. पुष्कळदा गळती एवढ्यातच सापडते.

कोबाच गेला असेल तर तो पूर्ण काढावा, पण हलक्या हत्याराने. जड ब्रेकरच्या हादऱ्यांनी खालच्या घरांचे गिलावे सुटतात. राडारोडा गच्चीच्या मधोमध ढीग करून ठेवू देऊ नका, एक घनमीटर राडा टनाच्या वर जातो. रोजचा रोज खाली उतरवायचा, हे करारात लिहा. स्लॅब उघडा पडला की तडे भरून, १:१०० उतार देऊन, पॉलिमर सिमेंट किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप दोन आडव्या-उभ्या हातांत द्यावा. तो पॅरापेटवर ३०० मिमी वर चढवावा, त्यावर संरक्षक थर. कोकणपट्टीतल्या पावसाला साधारण ४० चौरस मीटरला १०० मिमीचा एक पाईप हवा. जुन्या इमारतींत तो बहुधा कमी असतो, तेव्हा याच कामात वाढवून घ्या.

शेवटी पाईपांची तोंडं बंद करून ५० मिमी पाणी ४८ तास साठवा आणि वरच्या मजल्यावरची प्रत्येक खोली पाहा. ही चाचणी झाल्याखेरीज शेवटचं बिल देऊ नका. काम डिसेंबर ते एप्रिलमध्ये काढा. मेअखेरीस घाईने मारलेला लेप ओल्या पृष्ठावर बसतो आणि फुगतो.

वरच्या संडास-बाथरूममधून गळतं. वरचे म्हणतात सोसायटीने करावं, सोसायटी म्हणते तुम्ही दोघं बघा.
— एक रहिवासी, कल्याण

उगम कळल्याशिवाय हा वाद मिटत नाही. उगम शोधायला चार-पाच दिवस पुरतात. वरच्या घराचा मुख्य व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवा. गळणं कमी झालं तर दोष नळाच्या लपवलेल्या पाईपमध्ये. तसंच राहिलं तर सांडपाण्याच्या वाटेने रंगीत पाणी सोडा. खाली रंग उतरला तर दोष नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यात) किंवा त्याच्या सांध्यात. तेही नसेल तर ट्रॅपला बूच मारून फरशीवर इंचभर पाणी २४ तास ठेवा. मग गळलं तर फरशीचे सांधे किंवा खालचं वॉटरप्रूफिंग. या तिन्ही चाचण्या क्रमाने, एकेक करा. एकत्र केल्या की काहीच कळत नाही.

घराच्या आतल्या पाईपचा, ट्रॅपचा, फरशीचा दोष वरच्या सभासदाचा खर्च. डक्टमधली (पाईपांच्या उभ्या बोळातली) सामाईक उभी लाईन, बाहेरची भिंत, गच्ची यांची गळती सोसायटीचा खर्च. गच्चीच्या गळतीने शेवटच्या मजल्याचं छत खराब झालं असेल तर ते प्लास्टरही सोसायटीने करायचं असतं. उपविधी ६८ मध्ये ही यादी आहे, कमिटीला तीच वाचून दाखवा.

खालून नळ्या घालून ग्राउटिंग करून देतो म्हणणाऱ्याला आधी बोलावू नका. पाणी तिथलं थांबतं आणि स्लॅबमधून सरकत शेजारच्या खोलीत किंवा बीममध्ये निघतं.

आमचं अपार्टमेंट आहे, सोसायटी नाही. तळमजल्याचे दुकानदार गच्चीच्या कामाचे पैसे द्यायला तयार नाहीत.
— अध्यक्ष, अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन, पुणे

महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, १९७० इथे लागू होतो. सामाईक भागांत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा किती टक्के, हे अपार्टमेंटच्या घोषणापत्रात (डीड ऑफ डिक्लरेशन) लिहिलेलं असतं आणि सामाईक खर्च त्याच टक्केवारीने वाटायचा असतो. गच्ची वापरत नाही म्हणून वर्गणीतून सुटका मिळत नाही, हे कायद्यातच आहे. घोषणापत्राची नोंदणीकृत प्रत सापडत नसेल तर आधी ती काढा. अशा ठिकाणी निम्मी भांडणं कुणीच ते न वाचल्यामुळे होतात.

सोसायट्यांच्या निधीबद्दलही विचारणा आली आहे. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीची गंगाजळी) बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के. जमिनीची किंमत यात धरत नाहीत. अडचण अशी की जुन्या सोसायट्या अजून बांधकामाच्या वेळचा खर्च धरतात. सदनिकेचा तेव्हाचा खर्च एक लाख असेल तर सिंकिंग फंड वर्षाला २५० रुपये, दुरुस्ती निधी ७५०. चाळीस वर्षांतही त्यातून परांचीचा खर्च निघणार नाही. ०.२५ आणि ०.७५ ही किमान मर्यादा आहे. सर्वसाधारण सभेला दर वाढवता येतो आणि वाढवायलाच हवा, मोठी दुरुस्ती डोक्यावर येण्याच्या पाच वर्षं आधी.

तळमजल्याचा नवा मालक मधली भिंत काढतोय. म्हणतो, विटांची आहे, भार घेत नाही.
— एक सभासद, घाटकोपर

तुमच्याच भागात २५ जुलै २०१७ रोजी साईदर्शन इमारत कोसळली, १७ जण दगावले. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चाललं होतं. विटांची भिंत कागदावर भार घेत नसेलही, पण जुन्या इमारतीत बीम वाकून त्याच भिंतीवर टेकलेला असू शकतो. शिवाय भिंत फोडता फोडता गिलाव्यात झाकलेला कॉलमही तासला जातो. संरचना अभियंत्याचं लेखी पत्र आणि महापालिकेची परवानगी पाहिल्याशिवाय काम चालू देऊ नका. चालू असेल तर आजच सोसायटीतर्फे लेखी हरकत घ्या आणि महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात तिची पोच मिळवा. कॉलमला छिन्नी लागलेली दिसली तर कागदांची वाट न पाहता टेकू लावा आणि वरची घरं रिकामी करा.

जुन्या फरशीवर मसाला घालून नवी फरशी बसवणंही असंच. ५० मिमीचा मसाला आणि फरशी मिळून चौरस मीटरला शंभर किलोच्या वर जातात, आणि राहत्या खोलीला धरलेला भार २०० किलो असतो. जुनी काढा, मगच नवी घाला.

कॉन्ट्रॅक्टरशी करार करताना काय पाहावं?
— अनेक वाचक

आयटम रेटने, म्हणजे प्रत्येक कामाचा दर ठरवून झालेल्या मोजमापावर पैसे, असा करार करा, एकरकमी नको. जुन्या इमारतीत गिलावा काढेपर्यंत आत काय निघेल ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि एकरकमी करारात कॉन्ट्रॅक्टर कमी फोडून स्वतःला वाचवतो. सळई उघडी केल्यावर, गंजरोधक लावल्यावर आणि मॉर्टर भरल्यावर असे तीन टप्पे ठेवा. प्रत्येक टप्प्याला सल्लागाराची सही आणि घटकाचा क्रमांक दिसेल असा फोटो. पुढचा टप्पा सहीशिवाय नाही. मोजमाप वहीत, कमिटीच्या एका माणसासमोर. पॉलिमरचे डबे सीलबंद यावेत, रिकामे डबे काम संपेपर्यंत जपून ठेवावेत आणि वापर मोजमापाशी ताडून पाहावा. चारशे चौरस फूट मॉर्टरचं बिल आणि चारच रिकामे डबे असा मेळ लागत नसेल तर बिल थांबवा.

प्रत्येक बिलातून ५ ते १० टक्के राखून ठेवा, आणि त्यातली निम्मी रक्कम एक पूर्ण पावसाळा पाहूनच सोडा. गॅरंटी कंपनीच्या नावाने छापलेली असली तरी करारात कॉन्ट्रॅक्टरची सही हवी, आणि गळती निघाल्यास किती दिवसांत माणूस पाठवायचा तेही आकड्यात लिहिलेलं हवं. भिंतीतून पिंपळ उगवला असेल तर ‘झाड कापणे’ असा आयटम मान्य करू नका. मूळ काढून, भोकात मूळनाशक घालून, भोक मॉर्टरने बुजवणे असा पूर्ण आयटम लिहून घ्या, नाहीतर पुढच्या श्रावणात तो तिथेच दुप्पट जाड होऊन दिसेल.